राजीनामा, पाटपाणी आणि उसाची नोंद

‘राजीनामा’ म्हटले की आज नोकरी किंवा मंत्रिपद आठवते. एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या इंदापूर आणि भीमथडी तालुक्यांत (बारामती तेव्हा भीमथडीत होती) राजीनामा जमिनीचा दिला जाई. सरकारी सारा झेपत नसेल तर शेतकरी आपल्या नावावरचा एखादा सर्व्हे नंबर लिहून सोडून देई. ज्याच्या दावणीला बैल होते आणि घरात हात होते, तो नव्या नंबराची कबुलायत लिहून देई. या दोन कागदांकडे पाहिले की अर्थशास्त्र ज्याला ‘पुरवठा’ म्हणते ती गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते: पुढच्या वर्षी किती जमीन पेरायची आणि किती पड टाकायची याचा हजारो घरांनी वेगवेगळा घेतलेला निर्णय. पाठ्यपुस्तकात हा विषय एका वाक्यात येतो. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की पुरवठा वाढतो, किंमत घटली की पुरवठा घटतो. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग, आणि डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारी रेषा. ही रेषा खोटी नाही. पण बारामती-इंदापूरचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. या भूमीत पुरवठ्याच्या मोठ्या उड्या भाव वाढल्यामुळे पडल्या नाहीत, भरवसा वाढल्यामुळे पडल्या. साऱ्याचा, पाण्याचा, उधारीचा आणि माल उचलला जाण्याचा भरवसा ज्या ज्या वेळी बदलला, त्या त्या वेळी रेषा आपली जागा सोडून सरकली. भावाने जे घडले ते बहुतेक त्या सरकलेल्या रेषेवरचे वरखाली होणे होते.

या कहाणीची सुरुवात एका अर्थशास्त्रीय सिद्धान्ताच्या पराभवापासून होते, आणि तो पराभव इंदापुरातच झाला. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर काही वर्षांतच कंपनी सरकारने दख्खनच्या पाहणीचे काम आर. के. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे दिले. प्रिंगल इंग्लंडमध्ये हेलीबरीच्या कॉलेजात शिकला होता आणि तिथे त्याचा गुरू होता थॉमस माल्थस. रिकार्डो-माल्थसच्या खंडसिद्धान्तानुसार जमिनीचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे एकूण पिकाच्या किमतीतून मशागतीचा सगळा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, हाच साऱ्याचा खरा पाया. प्रिंगलने शेतोशेतीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचे ५५ टक्के सरकारचे ठरवले. कागदावर हिशेब निर्दोष होता. जमिनीवर मात्र मोजणीत चुका होत्या, खालच्या नोकरांनी प्रतवारीत हात धुऊन घेतले होते, आणि मुख्य म्हणजे ज्या भावांवर हा हिशेब उभा होता ते धान्याचे भाव घसरत चालले होते. सारा वसूल करण्यासाठी जुलूम झाला. लोकांनी नंबर टाकले, कित्येक जण शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले, आणि ज्या काळ्या जमिनीवर ज्वारी डोलायची तिथे कुंदा आणि हरळी माजली.

१८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातच नवी जमाबंदी लावली. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या रयतवारी पद्धतीची ही पहिली पायरी. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब सोडून दिला. मातीची प्रत आण्यांत ठरवली, गावाचे पाऊसमान आणि बाजारापासूनचे अंतर पाहिले, मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झाले ते तपासले, आणि बराच हलका दर बांधून तो तीस वर्षे कायम राहील असे जाहीर केले. शेतात सुधारणा केली म्हणून मध्येच सारा वाढणार नाही, ही त्यातली सर्वांत मोलाची अट. पडीक जमीन झपाट्याने नांगराखाली आली. माझ्या मते इथला सर्वांत बोलका पुरावा कालक्रमाचा आहे. १८३६ नंतरच्या दशकात धान्याचे भाव चढले नव्हते. ते मंदच होते. भाव जिथल्या तिथे असताना लागवड वाढली. आजच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा पुरवठ्याचा ‘विस्तार’ नव्हता, ‘वृद्धी’ होती. विस्तारात आपण त्याच रेषेवर वर सरकतो. वृद्धीत अख्खी रेषाच उजवीकडे जाते. रेषा सरकवणारी गोष्ट कोणती? एक तर खर्च कमी झाला, कारण सारा हा शेतकऱ्याच्या दृष्टीने खर्चच. दुसरे, तीस वर्षांचा शब्द मिळाला. विहीर खणायला, बांध घालायला, बैलजोडी वाढवायला लागणारा धीर त्या शब्दातून आला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १८६० च्या दशकात भावांनीच चमत्कार केला नाही का? अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथल्या दक्षिणेतला कापूस मिळेना, आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुण्याहून इंदापूर तालुक्यातल्या दिक्साळवरून पुढे जाणारी रेल्वे १८६० पर्यंत सोलापूरला पोचली होती. तिच्या बांधकामावरची मजुरी आणि वाढलेले भाव दोन्ही गावात खेळू लागले. लागवड वाढली, हे मान्यच केले पाहिजे. पण ती वाढ कशाच्या आधारावर उभी होती, हे पुढच्या दहा वर्षांत कळले. भाव चढते असताना सावकाराने हात मोकळा सोडला होता. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव उतरले, आणि त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून इंदापूरची फेरजमाबंदी झाली. साऱ्यात लक्षणीय वाढ झाली. उतरते भाव, चढता सारा, आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला सावकार, ज्याने आता नवी उधारी थांबवली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. तिथून हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. भावाने वाढलेला पुरवठा भावाबरोबर खाली आला असता तर ही गोष्ट निमूटपणे संपली असती. ती तशी संपली नाही, कारण वर जाताना घेतलेले कर्ज खाली येताना बरोबर उतरत नाही. पुस्तकातली रेषा वर जायला आणि खाली यायला एकच वाट दाखवते. सुप्याच्या शेतकऱ्याच्या दोन वाटा वेगळ्या होत्या, आणि परतीच्या वाटेवर जमीन गहाण पडत होती.

दंग्यानंतर वर्षभरातच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. नीरा डाव्या कालव्याचे काम त्या काळात हाती घेण्यात आले. दुष्काळपीडितांच्या हातांनी खोदल्या गेलेल्या या पाटाला वीरच्या बंधाऱ्यातून पाणी घेऊन पुरंदर, बारामती आणि इंदापूर असा सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास करायचा होता. १८८५ च्या सुमारास पाणी सुटले. पुढे भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधून साठा करण्यात आला, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याच जागी लॉइड धरण उभे राहिले. सरकारला वाटले होते, पाणी आले की ज्वारी-बाजरीचा शेतकरी धावत येईल, पाणीपट्टी भरेल आणि दुष्काळ कायमचा हटेल. प्रत्यक्षात अनेक वर्षे पाणी वाहून गेले आणि पाटबंधारे खाते हिशेबात तोट्याचे राहिले. पाऊस बरा झाला की कोणी पाण्याचा अर्ज करीत नसे. पाऊस दडला की सगळे एकदम पाटावर येत, आणि तेव्हा पाणी पुरत नसे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत या वागण्याला आळस, रूढिप्रियता अशी नावे दिलेली आढळतात. मला हा निवाडा साफ चुकीचा वाटतो. काळ्या भारी जमिनीत ज्वारीला एक-दोन पाळ्या जास्त बसल्या तर पीक पिवळे पडते. बाजरीला पाणी हवे ते चार वर्षांतून एखाद्या वर्षी. त्या एका वर्षासाठी दर वर्षी करार करून पैसे भरणे म्हणजे विम्याचा हप्ता भरणे, आणि जिरायती पिकाची मिळकत तो हप्ता सोसण्याइतकी नव्हती. पाण्याची किंमत कितीही रास्त असली तरी ते पाणी ज्या पिकात मुरवायचे ते पीक, त्याला लागणारे खत आणि ते घालायला लागणारे भांडवल नसेल, तर पाणी हा पुरवठ्याचा घटकच होत नाही. शेतकऱ्याने केलेला हिशेब अभियंत्याच्या हिशेबापेक्षा पूर्ण होता.

ऊस आला तेव्हा गणित फिरले. तो सर्वांत आधी लावला तो मोठ्या प्रमाणावर सासवडकडच्या माळी बागाइतदारांनी. त्यांना मळ्याची कला येत होती, पेंडीचे खत घालण्याची ऐपत होती, आणि पाटाखालच्या गावांत ते जमिनी खंडाने घेऊन राहिले. पुंड्या ऊस, गुऱ्हाळ, चुलवणावर उकळणारी काहील आणि बारामतीच्या पेठेत उतरणाऱ्या गुळाच्या ढेपा: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरेच्या डाव्या काठाने हे रूप घेतले होते. दौंडहून बारामतीला अरुंदमापी रेल्वे आली ती या मालाला बाजार दाखवायला. पण ज्यांच्या जमिनीतून पाट जात होता त्या सगळ्यांना ऊस करता आला नाही, आणि जिथे केला तिथे पाणी हवे तेव्हा आणि हवे तितके घेतले गेले. सखल रानात पाणी साचून जमिनी चोपण झाल्या, क्षार वर आले. पाटबंधारे खात्यात तेव्हा पुण्याला काम करणाऱ्या एम. विश्वेश्वरय्या यांनी या पेचावर ब्लॉक पद्धत सुचवली आणि ती नीरा कालव्यावर राबवली गेली. पाण्याचे क्षेत्र ठरावीक तुकड्यांत बांधायचे, त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्शात ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिके अशी फेरपालट ठेवायची, आणि ब्लॉकची मंजुरी एका वर्षाची न देता सहा वर्षांसारख्या लांब मुदतीची द्यायची. खानदेशातल्या पांझरा नदीकाठच्या सामूहिक पाणीवाटपाच्या जुन्या फडपद्धतीशी याचे नाते उघड दिसते. बागाइतदारांनी सुरुवातीला कडाडून विरोध केला. पण सहा वर्षांची मंजुरी हातात आल्यावर जे घडले ते इंदापूरच्या तीस वर्षांच्या जमाबंदीसारखेच होते. माणूस पुढचे पाहून खर्च करू लागला.

अर्थशास्त्राचा अभ्यासक इथे थांबवून विचारेल: यात नवीन काय? अल्फ्रेड मार्शलने १८९० मध्येच, म्हणजे नीरेचा पाट सुरू होऊन पाचच वर्षे झाली असताना, सांगून ठेवले होते की पुरवठा काळावर अवलंबून असतो. बाजारात आज आलेला माल बदलता येत नाही; अल्पकाळात आहे त्या साधनांवर थोडे वाढवता येते; दीर्घकाळात साधनेच बदलतात. पाणी, सारा, कर्ज या सगळ्यांना तो ‘इतर परिस्थिती’ म्हणेल आणि त्या बदलल्या की रेषा सरकते, हे पुस्तकात लिहिलेलेच आहे. खरे आहे. विस्तार आणि वृद्धी यांतला फरक दाखवणे हीच या रेषेची खरी कामगिरी आहे, आणि तिच्यावाचून वरचे सगळे विवेचन करताच आले नसते. माझा आक्षेप भर कुठे द्यायचा यावर आहे. पुस्तक भावाला मजकुरात ठेवते आणि बाकी सगळे तळटिपेत घालते. नीरेच्या खोऱ्यात तळटीप हाच मजकूर आहे. शिवाय पाटाच्या पाण्याचा दर घनफुटावर नव्हता, एकरावर आणि पिकावर होता. एकदा मंजुरी मिळाली की पुढच्या प्रत्येक थेंबाची किंमत शून्य, आणि मंजुरी नसेल तर कितीही पैसे देऊन पाणी नाही. अशा व्यवस्थेत उसाची रेषा चढण चढत नाही. मंजुरीच्या आकड्यापर्यंत ती जवळजवळ आडवी जाते आणि तिथे भिंतीसारखी उभी राहते. भिंत कुठे उभी करायची हे गुळाच्या भावाने ठरत नव्हते, कालव्याच्या कचेरीत ठरत होते.

भावाची सत्ता किती, हे पाहायला बारामती तालुक्यासारखी दुसरी प्रयोगशाळा शोधूनही सापडणार नाही. तालुक्याचा दक्षिणेचा पट्टा, नीरेलगतचा, पाटाखालचा. उत्तर आणि पश्चिमेकडे सुपे, मोरगाव, मुर्टी, लोणी भापकर ही जिरायती गावे. दोन्हीकडचे शेतकरी त्याच बारामतीच्या बाजारात येतात, त्याच पेठेतला गुळाचा आणि उसाचा भाव दोघांच्या कानावर पडतो, जातकुळी आणि सोयरीक एक, बोली एक. शंभर वर्षांत उसाचा भाव कितीदा चढला. जिरायती गावांनी त्याला ऊस देऊन उत्तर दिले नाही, कारण द्यायला पाणी नव्हते. ती गावे बाजरी पेरत राहिली, मेंढरे राखत राहिली, आणि त्यांच्यातले तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि पुण्याच्या कारखान्यांत गेले. जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांचे पाणी जिथे जेव्हा पोचले तिथे पीक बदलले. भाव तोच असताना.

भरवशाला खरी संस्थात्मक बैठक मिळाली ती १९३० नंतर, आणि त्याची कारणे मंदीत आहेत. पहिल्या महायुद्धात गुळाचे भाव चढले होते. १९२९ नंतर ते कोसळले. अडसाली ऊस जून-जुलैपासून लावतात आणि तो सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. भाव पडल्याची बातमी येते तेव्हा पीक छातीएवढे झालेले असते, पेंडीचे आणि मजुरीचे पैसे जमिनीत गेलेले असतात. अशा वेळी तोडून गूळ करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सगळेच तसे करतात म्हणून भाव आणखी पडतो. उसाची चाल भावाच्या अठरा महिने मागे असते. असे मागून येणारे पुरवठे आणि भाव एकमेकांभोवती कसे फिरत राहतात, याचा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञांनी नेमका याच १९३० च्या दशकात मांडला आणि त्याच्या आकृतीवरून त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. भारत सरकारने १९३२ मध्ये जावाच्या साखरेविरुद्ध संरक्षक जकात लावली आणि देशात तीसेक असलेले साखर कारखाने काही वर्षांतच सव्वाशेच्या पुढे गेले. त्या लाटेत इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या समूहाचा कारखाना उभा राहिला आणि माळरानावर वालचंदनगर वसले. वालचंदनगरची एक गोष्ट या निबंधाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कंपनीने उसासाठी शेतकऱ्यांच्या मर्जीवर विसंबायचे नाकारले. हजारो एकर जमीन ताब्यात घेऊन स्वतः ऊस पिकवला. भावाने पुरवठा आपोआप येतो यावर त्या काळच्या सर्वांत धाडसी मराठी-गुजराती उद्योजकाचाही विश्वास नव्हता. शेजारीच, माळशिरस तालुक्यात, सासवडकर माळ्यांनी स्वतःचा कारखाना काढून माळीनगर वसवले. पिकवणाऱ्यानेच कारखाना काढायचा, ही कल्पना तिथे रुजली. याच सुमारास नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे कोइमतूरहून आलेल्या को ४१९ या वाणाने पुंड्याला हटवले आणि अलीकडे को ८६०३२ या वाणाला महाराष्ट्राने ‘नीरा’ हेच नाव दिले. वाण बदलणे हेही रेषा सरकणेच. त्याच एकरात, त्याच पाण्यात जास्त टन.

स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या मागोमाग इथेही सहकारी कारखाने निघाले: १९५० च्या दशकाच्या मध्यावर माळेगावचा आणि भवानीनगरचा छत्रपती, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोमेश्वर. १९६१ च्या जमीन कमाल धारणा कायद्याने खासगी कारखान्यांची शेती गेली आणि हिशेब पुन्हा लहान शेतकऱ्याच्या हातात आला. सभासदाने ऊस द्यायचा आणि कारखान्याने तो न्यायचाच, हा दुहेरी शब्द सहकाराचा गाभा. डोनाल्ड अॅटवुड या मानववंशशास्त्रज्ञाने याच परिसरात राहून या सहकाराचा अभ्यास केला आणि ‘रेझिंग केन’ हा ग्रंथ लिहिला. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. इंदापूरची भीमाकाठची जुनी गावे, पळसदेवसारखी, पाण्याखाली गेली, आणि ज्यांची राने फुगवट्याच्या कडेला उरली त्यांनी मोटारी बसवून ऊस केला. इथेही भाव नंतर आला, पाणी आधी.

सर्वांत कठीण आक्षेप आता. साखरेचे चक्र भावाचेच आहे, ते कसे नाकारणार? देशात १९७७-७८ मध्ये सुमारे ६५ लाख टन साखर झाली, १९७८ मध्ये साखरेवरचे नियंत्रण उठले, भाव कोसळले आणि १९७९-८० मध्ये उत्पादन ३९ लाख टनांच्या आत आले. २००६-०७ मध्ये २८० लाख टनांच्या वर आणि दोनच वर्षांनी सुमारे १४५ लाख टन. शेतकऱ्याने भावाला दिलेले हे उत्तर नाही तर काय? आहेच, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. दख्खनचा शेतकरी भाव ओळखत नाही असे म्हणणाऱ्या जुन्या अहवालांना हेच आकडे खोटे पाडतात. पण आक्षेपकाने पुढची पंधरा वर्षेही पाहावीत. २००९ मध्ये उसाची एसएमपी (वैधानिक किमान किंमत) जाऊन एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आली. हा रास्त दर खालून आधार देतो आणि साखरेचा भाव पडला तरी तो खाली येत नाही. त्यानंतर अशी खोल घसरण जवळजवळ थांबली. साखर पडून राहिली, सरकारला २०१८ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत बांधावी लागली, तरी ऊस हटला नाही. एक मोठी घसरण मात्र झाली. महाराष्ट्रात २०१४-१५ मध्ये सुमारे १०५ लाख टन साखर झाली होती, २०१६-१७ मध्ये ती ४२ लाख टनांवर आली. त्या दोन वर्षांत एफआरपी घटली नव्हती. पाऊस गेला होता. भावाचा भरवसा दिल्यावर पुरवठ्याला हलवणारी उरलेली एकमेव गोष्ट पाणी होती आणि तिने त्याला निम्म्याहून खाली आणले.

या भरवशाची किंमत कोणीतरी मोजतो, हे मी विसरत नाही. नीरेच्या पट्ट्यातल्या सहा वर्षांच्या मंजुरीचे पाणी मुर्टीच्या बाजरीला मिळाले असते. बारमाही आणि आठमाही पाण्याचा (थोड्यांना वर्षभर पाणी की अनेकांना आठ महिने) वाद १९८० च्या दशकात राज्यभर पेटला तो याचसाठी. ऊसतोडणीला मराठवाड्यातून येणाऱ्या कुटुंबांना वर्षभराचाही भरवसा नाही, आणि त्यांच्या श्रमाचा पुरवठा उचल म्हणून घेतलेल्या कर्जावर चालतो. सुप्याच्या सावकारीची आठवण यावी इतके ते साम्य जवळचे आहे. एकाच्या भरवशाने दुसऱ्याची अनिश्चितता वाढते, हा हिशेब कुठल्याही पुरवठ्याच्या रेषेवर दिसत नाही आणि म्हणूनच तो वेगळा मांडावा लागतो.

आज उसाची लागण झाली की शेतकरी कारखान्याच्या गट कचेरीत जाऊन नोंद करतो. गावाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, वाण, अडसाली की पूर्वहंगामी की सुरू, आणि लागणीची तारीख. पुढे तोड कधी येणार ते त्या तारखेवर ठरते. तारीख चार दिवसांनी मागे पडली तरी वजनात आणि उताऱ्यात फरक पडतो, म्हणून तिच्यावरून भांडणे होतात. त्या कागदावर भावाचा रकाना नसतो. ज्या हंगामात तो ऊस गाळला जाईल त्याचा दर अजून ठरलेलाही नसतो.